घरात सगळे मोठे, वेळा सगळ्यांच्या वेगळ्या, पैसे मोजके: आठवड्याचं जेवण कसं बसवायचं

पैसे मोजके आणि घरात चार-पाच मोठी माणसं, अशा वेळी बहुतेक जण सुरुवात दुकानापासून करतात. स्वस्त दिसेल ते उचलतात, पिशव्या भरून आणतात आणि मग या सामानात काय करता येईल याचा विचार करायला बसतात. महिनाअखेरीस पैसे संपलेले असतात, कपाटात अर्धवट पाकिटं असतात आणि फ्रीजच्या तळाशी मलूल झालेली पालेभाजी. कोणी उधळपट्टी केलेली नसते, फक्त क्रम उलटा झालेला असतो.

सरळ क्रम असा: पैसे, ताटं, घरातला साठा, बेत, यादी आणि सगळ्यात शेवटी दुकान. या लेखात ‘ताट’ म्हणजे एका माणसाचं एक पूर्ण जेवण. न्याहारी अर्धं ताट धरायची. पुढचा सगळा हिशेब याच मापात आहे.

## सुरू करण्याआधी

एक वही लागेल (फोनमधली चालेल), स्वयंपाकघरात ठेवण्याजोगा छोटा वजनकाटा, झाकणाचे पारदर्शक डबे, चिकटपट्टी आणि मार्कर. काटा नसेल तर एक वाटी कायमची ठरवून टाका आणि तिच्यात तांदूळ किती ग्रॅम मावतो, डाळ किती मावते, हे एकदा कुठेतरी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वाटी बदलली की हिशेब गेला.

दुसरी तयारी माणसांची. स्वयंपाक कितीही जणांनी करावा, पण खरेदीचा हात एकच असावा. मोठ्यांच्या घरात प्रत्येक जण येता-जाता ‘घरासाठी’ काहीतरी घेऊन येतो. परिणामी दुधाची तीन पाकिटं येतात आणि तेल कोणीच आणत नाही. पाळी लावायची तर आठवड्याची लावा, दिवसाची नको.

## टप्पा १: रक्कम ठरवा आणि तिचे तुकडे करा

महिन्याची रक्कम एकदा ठरली की आधी त्यातून साबण, कपड्यांची पावडर, भांडी घासायचं सामान बाहेर काढा. हे सगळं किराणाच्या बिलात येतं म्हणून आपण ते जेवणाच्या खर्चात धरतो आणि मग जेवण महाग वाटायला लागतं.

उरलेल्या रकमेचे १०० भाग कल्पा. सुरुवातीला ही वाटणी धरून चाला, पुढे आपल्या घराप्रमाणे बदला:

- कोरडा माल (धान्य, डाळी, कडधान्यं, तेल, मीठ, मसाले): ४० भाग, महिन्याच्या सुरुवातीला
- ताजा माल (भाजी, फळं, दूध, अंडी, मांस-मासे): ४५ भाग, दर आठवड्याला विभागून
- चहा, कॉफी, साखर, अधलंमधलं खाणं: ८ भाग
- राखीव: ७ भाग

चहा-कॉफीचा खर्च वेगळा ठेवायला कारण आहे. मोठी माणसं घरी असली की दिवसातून किती वेळा भांडं चुलीवर चढतं ते कोणी मोजत नाही, आणि दूध-साखरेची गळती भाजीच्या नावावर टाकली जाते.

नेहमीची चूक: महिन्याला ४ ने भागणं. महिना २८ दिवसांचा नसतो. ताज्या मालाचे ४५ भाग ४ ने भागले तर आठवड्याला ११.२५ येतात आणि २८ दिवसांत सगळे संपतात. शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे. ३० ने भागून ७ ने गुणा: आठवड्याला १०.५ भाग. फरक किरकोळ दिसतो, पण महिनाअखेरची उसनवारी इथूनच सुरू होते.

## टप्पा २: ताटं मोजा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. ‘आम्ही पाच जण’ एवढं उत्तर पुरत नाही. पाच जण रोज तिन्ही वेळा घरी जेवतात असं घर आता क्वचितच सापडेल.

आठवडा सुरू होण्याआधी कागदावर सात उभे रकाने पाडा, प्रत्येकात तीन ओळी: सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येकाने जिथे तो जेवणार नाही तिथे स्वतःच्या हाताने फुली मारायची. दुसऱ्याने विचारून लिहिलेलं चालत नाही, कारण मग ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ ऐकावं लागतं. जो डबा घेऊन जातो त्याची फुली नाही. डबा म्हणजे घरचंच ताट.

पाच जणांचं उदाहरण बघा. दोघं जण कामाच्या पाच दिवशी दुपारी बाहेर जेवतात. एक जण रात्रपाळीला आहे, तो पाच दिवस सकाळी झोपलेला असतो आणि न्याहारी करत नाही. एक जण आठवड्याच्या शेवटचे दोन दिवस घरी नसतो. मग हिशेब असा:

- न्याहारी: ३५ मधून ५ आणि २ वजा, उरल्या २८. अर्ध्या हिशेबाने १४ ताटं
- दुपार: ३५ मधून १० आणि २ वजा, उरली २३ ताटं
- रात्र: ३५ मधून २ वजा, उरली ३३ ताटं

एकूण ७० ताटं. न मोजता ‘पाच जण, तीन वेळा’ धरलं असतं तर साडेसत्त्याऐंशी. म्हणजे पाचवा हिस्सा सामान असं आलं असतं की ज्याला खाणारं तोंडच नव्हतं.

आठवड्याला ७० म्हणजे ३० दिवसांना ३०० ताटं. कोरडा आणि ताजा माल मिळून ८५ भाग होते. तुमच्या रकमेतले हे ८५ भाग ३०० ने भागले की एका ताटाला किती खर्च करता येईल ते कळतं. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. पुढे त्याला ‘ताटाची मर्यादा’ म्हणू.

तपासा: कागदावर सगळ्यांच्या फुल्या आल्या का? एकही फुली नसलेला माणूस खरोखर २१ वेळा घरी जेवणार आहे, की त्याने कागद बघितलाच नाही?

सावधान: ऐनवेळी बेत बदलणारच. त्यासाठी एक वेळ ठरवा, उदाहरणार्थ दुपारी चार. चारच्या आत कळवलं तर ताट कमी होईल. नंतर कळवलं तर ताट झाकून ठेवलं जाईल आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने ते खायचं. मात्र ताटागणिक पैसे वसूल करू नका. तसं केलं की घराची खानावळ होते, आणि खानावळीत कोणी भांडी घासत नाही.

## टप्पा ३: घरातलं आधी बघा

कपाट उघडून नजर फिरवणं म्हणजे मोजणं नव्हे. तीन गोष्टी लिहा: काय आहे, किती आहे, कधीपर्यंत वापरायला हवं. फ्रीजपासून सुरुवात करा, मग फ्रीजर, मग कोरडा माल. ज्यांची मुदत या आठवड्यात संपते त्यांच्यापुढे खूण करा. बेत याच खुणांपासून सुरू होईल.

पाकिटावरच्या दोन तारखांमध्ये गल्लत होते. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही तारीख चव आणि पोताबद्दल असते. नीट साठवलेली कोरडी डाळ त्यानंतरही खाता येते. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ असं लिहिलेला नाशवंत माल मात्र तारीख उलटल्यावर खायचा नाही, वास चांगला असला तरी.

## टप्पा ४: बेत आखा, पण पदार्थांचा नव्हे

सात दिवसांचे चौदा वेगवेगळे पदार्थ लिहून काढण्याचा उत्साह पहिल्या आठवड्यात असतो, तिसऱ्यात नसतो. शिवाय चौदा पदार्थांना चाळीस जिन्नस लागतात आणि त्यांतले बरेच अर्धे उरतात. त्याऐवजी साचा ठरवा. प्रत्येक ताटात एक धान्य, एक प्रथिनाचा जिन्नस, एक-दोन भाज्या. आठवड्यासाठी धान्यं दोन, कडधान्यं किंवा डाळी तीन, भाज्या पाच-सहा. बदल मसाल्यात आणि करण्याच्या पद्धतीत करायचा.

पैशाची विभागणी मला अशी सोयीची वाटते. आठवड्यातली दुपार-रात्रीची जेवणं चौदा. त्यांतली आठ साधी, म्हणजे ताटाच्या मर्यादेच्या पाऊणपट खर्चाची. चार बरोबर मर्यादेइतकी. आठ जेवणांत वाचलेल्या पाव-पाव हिश्शातून दोन पूर्ण ताटांइतके पैसे सुटतात, म्हणून उरलेली दोन जेवणं दुप्पट खर्चाची करता येतात. ही दोन जेवणं बेतातून काढू नका. घरात एकदाही मनासारखं खायला मिळालं नाही की मोठी माणसं स्वतःच्या खिशातून बाहेर खातात, आणि तो खर्च वहीत दिसत नाही एवढंच. दुप्पट खर्चाची जेवणं सगळे घरी असतील अशा वेळी ठेवा.

मापं. एका मोठ्या माणसाच्या दुपारच्या किंवा रात्रीच्या ताटाला सुरुवातीला हे धरा: कोरडं धान्य ९० ग्रॅम, कोरडी डाळ किंवा कडधान्य ४५ ग्रॅम, भाजी १७५ ग्रॅम, तेल १० मिली. आपल्या उदाहरणात दुपार-रात्रीची ताटं ५६ आहेत. म्हणजे धान्य साधारण ५ किलो, भाजी १० किलोच्या आतबाहेर, तेल अर्ध्या लिटरच्या थोडं वर. सोळा ताटांत अंडी किंवा मांस असेल तर डाळ-कडधान्य उरलेल्या ४० ताटांपुरतंच, म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला धान्य जास्त लागेल, दिवसभर बसून काम करणाऱ्याला कमी. दोन आठवड्यांत तुमचे स्वतःचे आकडे तयार होतील.

प्रथिनं स्वस्तात कशी बघायची. किलोच्या भावाची तुलना इथे फसवते, कारण किलोभर दूध आणि किलोभर डाळ यांत प्रथिनं सारखी नसतात. २० ग्रॅम प्रथिनं हे माप धरा. ती साधारण एवढ्यात मिळतात: ८० ते १०० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, ३ अंडी, ६०० मिली दूध, १०० ग्रॅमच्या आसपास हाडाविना कच्चं मांस. तुमच्याकडच्या भावाने या चारही गोष्टींची किंमत काढा आणि स्वस्तापासून महागापर्यंत चढत्या क्रमाने लिहा. बहुतेक वेळा कोरडी कडधान्यं सगळ्यात वर येतात, पण दुसऱ्या क्रमांकावर काय येतं ते मोसमाप्रमाणे बदलतं.

सावधान: पैसे कमी पडतात म्हणून मापं कमी करू नका. अर्धपोटी उठलेला माणूस तासाभराने बिस्किटांचा पुडा फोडतो, आणि तो डाळीपेक्षा महाग पडतो. कमी करायचंच तर महाग जिन्नस कमी करा, ताट भरलेलं राहू द्या.

## टप्पा ५: यादी

यादीत चार गोष्टी हव्यात: जिन्नस, वजन, कोणत्या जेवणासाठी, आणि महाग असेल तर त्याऐवजी काय. ‘टोमॅटो’ एवढंच लिहिलं की दुकानात हात ठरवतो किती घ्यायचे. ‘टोमॅटो दीड किलो, फार महाग असतील तर अर्धा किलो आणि दही’ असं लिहिलं की उभ्या-उभ्या निर्णय होतो.

ज्या जिन्नसापुढे कोणतंच जेवण लिहिता येत नाही तो खोडा. चहाचं आणि साफसफाईचं सामान वेगळ्या कागदावर.

## टप्पा ६: दुकानात

तीन भाव ओळखायला शिका. पाकिटावरचा भाव, किलोचा भाव आणि ताटात पडणाऱ्या मालाचा भाव. पहिला बघायचा नाही. दुसऱ्यासाठी किमतीला ग्रॅमने भागून १००० ने गुणा.

तिसरा भाव भाजीत महत्त्वाचा. शेंगांसकट मटार किलोभर घेतला तर दाणे निम्म्याहूनही कमी निघतात. फ्लॉवरचे दांडे-पानं, कोथिंबिरीच्या काड्या, हाडासकट मांस, सगळ्यांचं तेच. म्हणून सोललेला गोठवलेला मटार महाग वाटला तरी ताटात पडताना कधीकधी स्वस्त ठरतो. एकदा घरी सोलून, निवडून, वजन करून बघा. नंतर आकडा लक्षात राहतो. (फ्लॉवरचे कोवळे दांडे टाकायचे नसतातच. बारीक चिरले की ते भाजीत मुरतात.)

तेलाच्या बाबतीत एक बारीक गोष्ट आहे. एका पाकिटावर १ लिटर असतं, दुसऱ्यावर १ किलो, आणि दोन्ही सारखीच दिसतात. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. म्हणजे एकच किंमत असेल तर किलोचं पाकीट घेणारा फायद्यात.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असंही नाही. ते संपायच्या आत खवट होणार असेल किंवा किडणार असेल तर नाहीच. तेल, शेंगदाणे, पिठं यांचा साठा दोन महिन्यांपेक्षा जास्त करू नये असं माझं मत. कोरड्या कडधान्यांचा चालतो, पण फार जुनी कडधान्यं शिजताना दगडासारखी राहतात आणि इंधन खातात.

‘एकावर एक’ सारख्या सवलतीला एकच प्रश्न विचारा: हा जिन्नस यादीत होता का? होता तर घ्या. नव्हता तर राखीव ७ भागांतून घ्यावा लागेल, आणि राखीव रक्कम सिलिंडर संपला, पाहुणे आले अशा दिवसांसाठी आहे.

तपासा: पैसे देण्याआधी अंदाजे बेरीज करा. जास्त होत असेल तर काय परत ठेवायचं ते आधीच ठरलेलं असावं: प्रथम अधलंमधलं खाणं, मग महाग फळ, मग दुप्पट खर्चाच्या जेवणातला जिन्नस. धान्य आणि कडधान्य परत ठेवायचं नाही.

## टप्पा ७: आणल्याबरोबर

पिशवी ओट्यावर ठेवून चहा प्यायला बसलात की ती रात्रीपर्यंत तिथेच राहते. पहिल्या वीस मिनिटांत एवढं उरका.

पालेभाजी ओली असेल तर पसरून कोरडी करा, कोरड्या कापडात गुंडाळा आणि मग फ्रीजमध्ये. कांदे आणि बटाटे दोन्ही अंधाऱ्या, हवेशीर जागी, पण एकमेकांपासून लांब. शेजारी ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात. बटाटा हिरवा पडला असेल किंवा त्याला कोंब आले असतील तर तो भाग खोलवर काढा, जास्तच हिरवा असेल तर टाकून द्या. दूध फ्रीजच्या दारात नको, आत ठेवा. दारातली जागा सगळ्यात कोमट. कच्चं मांस सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे पाणी गळलं तरी खाली काही भिजत नाही.

कडधान्यांना कीड लागायची भीती असेल तर आणल्याबरोबर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून पाकीट न उघडता घरातल्या तापमानाला येऊ द्या आणि हवाबंद डब्यात भरा. नवं पाकीट जुन्याच्या वर ओतू नका. जुनं वर राहील असं भरा.

## टप्पा ८: एकाच बैठकीत आठवड्याची अर्धी तयारी

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून जरा सावकाश.

सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं पूर्ण जेवण करून ठेवायचा प्रयत्न करू नका. फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली ठेवलेलं शिजलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवायला हवं, आणि चौथ्या दिवशी तीच भाजी पाहून घरातले तोंड वाकडं करतात. तयारी अर्धी ठेवा: शिजलेली कडधान्यं, परतलेला कांदा-टोमॅटो, चिरलेली भाजी, उकडलेली अंडी. यातून रोज वीस-पंचवीस मिनिटांत वेगवेगळं काहीतरी होतं, आणि ते दमून आलेला माणूसही करू शकतो. दोन शेगड्यांवर साधारण अडीच तास धरा.

८.१ आदल्या रात्री. कडधान्यं भिजत घाला. कोरडे चणे शिजल्यावर वजनाने दुपटीहून थोडे जास्त होतात, तेव्हा भांडं मोठं घ्या.

८.२ पहिली पाच मिनिटं. कडधान्याचं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजत लावा. चिरायला बसायच्या आधी. सगळ्यात जास्त वेळ खाणारं आणि लक्ष न मागणारं काम आधी चुलीवर गेलं पाहिजे. कितीतरी जण आधी सगळी भाजी चिरतात आणि मग कुकर लावतात. इथेच पाऊण तास जातो.

सावधान: राजम्यात कच्चेपणी विषारी घटक असतो. तो किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाका आणि नव्या पाण्यात किमान १० मिनिटं, शक्यतो अर्धा तास खळखळून उकळा. मग मऊ होईपर्यंत शिजवा. खळखळ न येऊ देता तासन्‌तास मंद आचेवर ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवलात तर ही काळजी राहत नाही.

८.३ चिरणं. आधी कांदा, मग बाकीच्या भाज्या, पालेभाजी शेवटी. कच्चं मांस अगदी शेवटी आणि वेगळ्या पाटावर. पालेभाजी निवडून ठेवा, चिरू नका. चिरलेली दुसऱ्या दिवशी काळवंडते.

८.४ कांद्याचा पाया. दुसऱ्या शेगडीवर पसरट भांड्यात थोड्या तेलात कांदा घाला. किलोभर कांदा परतून निम्म्याहून कमी होतो, तेव्हा घाबरून तेल वाढवू नका; बुडाला लागायला लागला तर पाण्याचा हबका मारा. गुलाबी-तपकिरी झाल्यावर लसूण, मग टोमॅटो, तेल सुटेपर्यंत. मसाले घालू नका. मसाला घातलेला पाया एकाच चवीचा राहतो, बिनमसाल्याचा कुठेही चालतो.

८.५ आंबट शेवटी. कडधान्य बोटाने दाबून सहज चेपलं जाईपर्यंत त्यात टोमॅटो, चिंच, लिंबू काही जाऊ देऊ नका. आंबटाने दाणा मऊ व्हायचा थांबतो, मग कितीही शिट्ट्या करा.

८.६ निववणं. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. भरलेलं मोठं पातेलं आतून कित्येक तास कोमट राहतं, म्हणून पसरट डब्यांत दोन-अडीच इंचांपेक्षा उंच थर होणार नाही असं काढा. तीन-चार दिवसांत लागणार नाही तेवढं लगेच फ्रीजरमध्ये. शिजलेली कडधान्यं फ्रीजरमध्ये चांगली टिकतात. उकडलेला बटाटा भरभरीत होतो, तो ठेवू नका.

सावधान: भात आठवड्याचा करून ठेवू नका. तांदळात असलेल्या काही जीवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ती वाढून विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात लगेच फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा.

तपासा: एका पातेल्याची तीन रूपं आधीच ठरली आहेत का? उदाहरणार्थ किलोभर कोरडे चणे शिजवले तर पहिल्या रात्री कांद्याच्या पायात रस्सा, दुसऱ्या दुपारी डब्यात काकडी-कांद्याबरोबर कोरडे, तिसऱ्या रात्री थोडे कुस्करून भाजीचं दाट सूप. उरलेले फ्रीजरमध्ये. रूपं ठरली नसतील तर ‘आजही चणे?’ हा प्रश्न येणार.

## टप्पा ९: वाढणं, डबे आणि उशिरा येणारे

मोठ्यांच्या घरात वाढायला कोणी बसलेलं नसतं. जो पहिला येतो तो आवडीचं घेतो, शेवटी येणाऱ्याला रस्सा उरतो. म्हणून उशिरा येणाऱ्याचं ताट आधी काढायचं, सगळे जेवायला बसण्यापूर्वी. दुसऱ्या दिवशीचे डबेही त्याच वेळी भरा. जेवणं झाल्यावर भरायला गेलं की पातेल्यात डबाभर काही शिल्लक नसतं. दोन्ही भरून लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

अंडी, मांसाचे तुकडे मोजून; धान्य, डाळ, रस्सा हवं तेवढं. हा नियम उघडपणे सांगितलेला बरा.

रात्री साडेअकराला घरी आलेला माणूस फ्रीज उघडतो. समोर चार स्टीलचे बंद डबे. कशात काय आहे ते कळत नाही. एक उघडून बघतो, त्यात चटणी. दार लावतो आणि फोन काढून बाहेरून मागवतो. अन्न होतं, दिसलं नाही. म्हणून डबे पारदर्शक, डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात, आणि चिकटपट्टीवर तीन गोष्टी: पदार्थ, तारीख, कोणासाठी. नाव नसलेला डबा कोणीही खावा. नाव असलेल्याला हात लावायचा नाही. एका कप्प्यावर ‘आधी हे’ असं लिहून ठेवा आणि संपत आलेलं सगळं तिथे सरकवा.

गरम करताना पूर्ण वाफ येईपर्यंत, मधोमध ढवळून, आणि एकदाच. जेवढं खायचं तेवढंच काढून गरम करा. अख्खं पातेलं रोज गरम-गार होत राहिलं की खराब होतं.

## टप्पा १०: आठवड्याचा हिशेब

पंधरा मिनिटं पुरतात. चार आकडे लिहा: खर्च किती झाला, ताटं खरोखर किती लागली, टाकून काय दिलं (वजन आणि नाव), आणि बाहेरून काय मागवलं गेलं. चौथा आकडा मिळवायला थोडी चिकाटी लागते. ‘कोणी मागवलं’ असं विचारलं की कोणी सांगत नाही. ‘कोणत्या दिवशी’ एवढंच विचारा.

आकड्यांवरून दुरुस्ती अशी करा:

- खर्च जास्त, ताटं ठरल्याइतकीच: टप्पा ६ बघा. बहुधा तिसरा भाव चुकतोय.
- खर्च ठरल्याइतका, टाकलेलं जास्त: ताटं जास्त धरली गेली, किंवा फुल्या खऱ्या नव्हत्या.
- टाकलेलं शून्य, पण बाहेरचं खाणं वाढलं: मापं कमी पडताहेत. धान्य दहा ग्रॅमने वाढवून बघा.
- एकच जिन्नस दोन आठवडे कचऱ्यात जातोय: तो विकत घेणं थांबवा, कितीही पौष्टिक असला तरी.

पहिल्या दोन आठवड्यांत १०० भागांची वाटणी बदलू नका, नाहीतर चूक रकमेत आहे की करण्यात ते कळणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून बदला, पण एका वेळी एकच भाग, आणि कोणत्या तारखेपासून बदलला ते वहीत त्याच ओळीत लिहा.